घरजावयाची नोंदणी

आमची कंपनी दातांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या दुरुस्त करते. खुर्ची म्हटलं की लोकांना चार पाय आणि एक पाठ एवढंच आठवतं. दातांच्या खुर्चीला पंप असतो, मोटर असते, पायानं दाबायचं पेडल असतं, तोंडावर ओढायचा दिवा असतो, तोंडातलं पाणी खेचणारी नळी असते. यांतलं एक जरी रुसलं तरी डॉक्टर हात बांधून बसतात आणि पेशंट आ वासून. मग फोन माझ्याकडे येतो. कुठल्या गावाला कुठला मेकॅनिक धाडायचा हे मी ठरवतो. माझ्या टेबलाला टेबल लावून ज्या बसतात, त्यांची ही गोष्ट.

त्यांना सगळे कलमताई म्हणतात. हे नाव मालकांनी ठेवलं, तेही रागाच्या भरात. पण ते इतकं चपखल बसलं की आता पोस्टमनसुद्धा त्याच नावानं हाक मारतो. ताई मुळात स्टोअरमध्ये होत्या. वॉशर, व्हॉल्व्ह, रबरी नळ्या, दिव्यांच्या काचा यांचा हिशोब ठेवायच्या. नवरा शाळेची व्हॅन चालवतो, मुलगी शिकून नोकरीला लागली, घर स्वतःचं. अंगानं किरकोळ, आवाज खालचा. एक सवय मात्र जगावेगळी. हातात आलेला कागद त्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि मग उलटा करून मागची बाजूही वाचतात. औषधाच्या खोक्यातली ती घडी घातलेली बारीक अक्षरांची चिठ्ठी पूर्ण वाचणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं.

या सवयीनंच त्यांना स्टोअरमधून उचलून कागदांच्या टेबलावर आणलं. कंपनी लहान होती तोवर सगळे मेकॅनिक याच शहरातले. पुढे नदीपलीकडच्या राज्यातून कामं यायला लागली. दर वेळी इथून माणूस पाठवायचा म्हणजे अर्धा दिवस बसमध्ये. म्हणून मालकांनी पलीकडचाच एक मेकॅनिक नोकरीला ठेवला. त्याला जे नेमणूकपत्र दिलं ते इथल्या लोकांना देतो तेच, नुसतं नाव बदलून. त्याचा विमा इथं, कपात इथं, सुट्ट्या इथल्या. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग पलीकडच्या कामगार कार्यालयाची नोटीस आली की आमच्या राज्यात तुमचा माणूस काम करतो आणि आमच्याकडे त्याची नोंदच नाही.

मालकांनी ती नोटीस अर्धी वाचली आणि टेबलावर आपटली. "माझं ऑफिस इथं, माझं बँकेतलं खातं इथं, पगार इथून जातो. त्या लोकांचा काय संबंध?"

ताई व्हॉल्व्हची पेटी द्यायला आत गेल्या होत्या. त्यांनी नोटीस उचलली, वाचली, उलटी केली. म्हणाल्या, "मागं लिहिलंय. ऑफिस कुठं आहे ते बघत नाहीत. माणूस काम कुठं करतो ते बघतात."

"तुम्हाला कळतंय ना? मग तुम्हीच निस्तरा."

त्यांनी निस्तरलं. पलीकडच्या कार्यालयाला फोन लावला. तीन जणांनी एकमेकांकडे ढकललं, चौथी एक बाई सापडली जी नीट बोलली. तिच्याकडून ताई एकेक गोष्ट शिकत गेल्या. आपल्याकडे जादा कामाचा हिशोब आठवड्यावर, तिकडे दिवसावर. आजारपणाची रजा आपल्याकडे मालकाच्या मर्जीवर, तिकडे हक्काची. माणूस नोकरी सोडून गेला तर शेवटचा पगार आपल्याकडे पुढच्या पगाराच्या तारखेला दिला तरी चालतो, तिकडे आठवड्याच्या आत. मालक वैतागायचे. एकदा पलीकडच्या मेकॅनिकनं एका दिवशी बारा तास काम केलं आणि दुसऱ्या दिवशी अर्धाच दिवस. आठवड्याची बेरीज बरोबर, तरी ताईंनी पगारपत्रकात चार तास जादा लावले.

"नदी ओलांडली की घड्याळ बदलतं काय?" मालक म्हणाले.

"घड्याळ तेच आहे. कलम वेगळं आहे."

"कलम, कलम, कलम. कलमताईच झालात तुम्ही."

झालं. बारसं झालं.

पुढच्या काही वर्षांत कंपनीची माणसं चार राज्यांत पसरली. ताईंच्या टेबलामागच्या भिंतीवर एक नकाशा लागला. त्यावर टाचण्या नव्हत्या की रंग नव्हते. ताई नुसत्या उठून त्याच्यासमोर उभ्या राहायच्या आणि पेन्सिलीचं मागचं टोक गालाला लावून विचार करायच्या. मला एकदा म्हणाल्या, "तू फक्त अंतर बघतोस. मला सीमा बघाव्या लागतात."

आता मौनीबद्दल सांगतो. मौनी म्हणजे नदीपलीकडच्या राज्यातला आमचा दुसरा मेकॅनिक. हाताला सोनं होतं त्याच्या. गळणारा पंप तो नुसता कान लावून ओळखायचा. पण बोलायला म्हणजे शब्दामागं कर भरावा लागतो अशा थाटात. मी फोन करायचो, पत्ता सांगायचो, तो "हं" म्हणायचा आणि फोन ठेवायचा. काम झालं की परत फोन. "झालं." एवढंच. मौनी हे नाव मी ठेवलं असं ताई म्हणतात. मला तसं आठवत नाही.

त्या वर्षी शरद ऋतूत, एका मंगळवारी मी त्याला फोन केला. एका दवाखान्याची खुर्ची वर जाऊन तिथंच अडकली होती. खुर्चीत माणूस नव्हता हे नशीब. मौनी म्हणाला, "उद्या जातो. आज इथं मतदानाची सुट्टी आहे, सगळे दवाखाने बंद आहेत."

माझ्या लेखी त्यात काही विशेष नव्हतं. मी उद्याची नोंद केली. फोन स्पीकरवर होता. शेजारी ताईंची पेन्सिल थांबली.

"काय म्हणाला?"

"मतदानाची सुट्टी."

"कुठं?"

"त्याच्या इथं."

ताई उठून नकाशासमोर उभ्या राहिल्या. "नदीपलीकडं मतदान वसंत ऋतूत झालं. मीच सगळ्यांना अर्ध्या दिवसाची पगारी सुट्टी लावली होती. आज मतदान आहे ते डोंगराकडच्या राज्यात." मग पेन्सिल गालाला. "हा माणूस राहतो कुठं?"

मौनी त्या दिवशी रोजच्यापेक्षा एक वाक्य जास्त बोलला आणि तिथंच सापडला.

त्यांनी लगेच फोन केला नाही. आधी माझ्याकडून त्याच्या कामांची माहिती काढली. मला त्यांनी विचारल्यावर लक्षात आलं, की डोंगराकडची कामं तो हल्ली पटकन घ्यायचा आणि नदीकडच्या कामाला दुपार करायचा. दोन्ही राज्यांची सीमा त्या भागात जवळच आहे, म्हणून मला ते खटकलं नव्हतं. मग ताईंनी फोन लावला.

"तुमचा राहता पत्ता बदललाय का?"

पलीकडं पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "नाही."

"मग आज सुट्टी कसली होती?"

"हं."

"हं म्हणजे काय?"

"हं म्हणजे... ताई, मी नंतर करतो फोन."

फोन काही आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. काम मात्र चोख चालू होतं. मला "झालं" असे फोन येत होते. ताईंचं नाव काढलं की लाइन कट.

ताई मालकांकडे गेल्या. मी पण गेलो, कारण मालकांनी मलाही बोलावलं. मालक वाईट माणूस नाहीत. हातानं पंप उघडून धंदा उभा केला आहे त्यांनी. पण सरकारी कागद दिसला की त्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि आठ्या पडल्या की ते वाट काढतात. चांगली असेल किंवा नसेल, पण वाट काढतात.

"सोपं आहे," ते म्हणाले. "त्याला सांगा परत जा, नाहीतर घरी बस."

"घर बदललं म्हणून काढता येणार नाही. आणि काढून चांगला माणूस कुठून आणणार?"

"मग त्याला कंत्राटी करा. दर खुर्चीमागं पैसे. त्याचा धंदा त्याचा. विमा नाही, रजा नाही, नोंदणी नाही. कुठल्या का राज्यात राहीना."

ताईंनी माझ्याकडे बोट केलं. "कुठल्या गावाला किती वाजता जायचं हे हा सांगतो. शर्ट आपला, हत्यारं आपली, गाडीचं इंधन आपलं. दुसऱ्या कुणाचं काम त्यानं घेतलेलं आपल्याला चालत नाही. यात त्याचा धंदा कुठला? कागदावर कंत्राटी लिहिलं म्हणून तो कंत्राटी होत नाही. डोंगराकडचे लोक याच गोष्टीवर सगळ्यात आधी बोट ठेवतात."

"मग काय करायचं म्हणता?"

"आधी तो खरा कुठं राहतो ते कळू दे. फोनवर तो सांगणार नाही. मी जाऊन येते."

सकाळच्या बसनं त्या गेल्या. पुढचं त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं, आणि नंतर मौनीकडूनही थोडं कळलं, म्हणजे जेवढं मौनीकडून कळू शकतं तेवढं.

त्याच्या नेमणूकपत्रावरच्या पत्त्यावर, म्हणजे नदीपलीकडच्या गावात, दुसरंच कुटुंब राहत होतं. शेजारच्या शिंपीणबाईंनी सांगितलं, "ते होय? ते फेब्रुवारीतच गेले. सासुरवाडीला." आणि हसल्या. ताईंना त्या हसण्यातच अर्धं उत्तर मिळालं.

सासुरवाडीचं गाव सीमेपलीकडे दोन थांब्यांवर. घर शोधायला त्रास झाला नाही, कारण अंगणात आमच्या कंपनीची गाडी उभी होती. शेडमध्ये जुन्या खुर्चीचा सांगाडा, तेलाचे डबे, भिंतीला ओळीनं लावलेले पाने. दारात एक वयस्क बाई, एका गुडघ्याला पट्टा, हातात काठी, पण काठीचा उपयोग टेकायला कमी आणि बोट म्हणून जास्त.

"तुम्ही कंपनीतल्या ना?" सासूबाईंनी गाडीवरचं आणि ताईंच्या पिशवीवरचं नाव ताडून पाहिलं. "तुम्हीच बदली केलीत ना आमच्या जावयाची इकडं?"

ताई म्हणतात की आयुष्यात एवढ्या पटकन त्यांनी कुठलंही कलम वाचलं नसेल, जेवढ्या पटकन ते वाक्य वाचलं. या गृहस्थानं कंपनीला सांगितलं होतं की मी जुन्याच जागी आहे, आणि सासुरवाडीला सांगितलं होतं की कंपनीनं मला इकडं पाठवलं. दोन थापा, आणि त्या दोन्ही थापांच्या मधोमध, पायरीवर, कलमताई उभ्या.

त्यांना खोटं बोलता येत नाही असं नाही. पण सवय नाही. त्या म्हणाल्या, "त्यांच्या बदलीच्या कागदांसाठीच आलेय मी."

एवढ्यात मौनी शेडमधून बाहेर आला. हातात नळी, चेहरा शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावल्यासारखा. त्याच्यामागून त्याची बायको, सात-आठ महिन्यांची पोटुशी. तिनं ताईंना पाणी दिलं, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आईला घेऊन आत गेली. तिला सगळं माहीत होतं हे उघड होतं.

शेडमध्ये दोघं उभ्यानंच बोलले. बसायला जागा म्हणजे तो खुर्चीचा सांगाडा, त्याला गादी नव्हती.

"खरं सांगा आता," ताई म्हणाल्या.

आणि मौनी बोलला. ताई सांगतात, एवढं लांब बोलताना त्याला त्यांनी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलं नाही. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या एकट्या. बायकोचा जीव इकडे. तिकडच्या घराचा करार संपत होता. इकडे यावं हे सगळ्या बाजूंनी योग्य होतं, एक बाजू सोडून. "ताई, माझ्या दोन मेहुण्या आहेत. त्यांचे नवरे आहेत. ते मला घरजावई म्हणणार. माझा भाऊ म्हणणार. आणि ऑफिसात कळलं की तुमच्या शेजारी बसतो तो," म्हणजे मी, "तो तर फोनवर दुसरं काही बोलणारच नाही. म्हणून इकडं सांगितलं की बदली झाली. आणि बदली झाली असं इकडं सांगितल्यावर तिकडं काय सांगणार? म्हणून काहीच सांगितलं नाही. मला वाटलं, काम तर होतंय ना. मी झोपतो कुठं याच्याशी कुणाला काय करायचंय?"

"मला करायचंय," ताई म्हणाल्या. "राहता इथं, हल्ली जास्त काम करता इथं, आणि तुमच्या पगारातून विम्याची कपात होते ती नदीपलीकडं जाते. उद्या तुमच्या पायावर खुर्ची पडली, तर हे म्हणतील तुमचं नाव आमच्याकडे नाही, आणि ते म्हणतील हा आता आमच्या राज्यात राहत नाही. दोघंही खरं बोलत असतील. आणि तुम्ही मधे."

मौनी हातातली नळी गुंडाळायला लागला. मग ताईंनी विचारलं, "बाळ कधी?"

"जानेवारीत."

"या राज्यात बापालाही पगारी रजा मिळते, माहीत आहे? दीड महिना. पण इथं सहा महिने नाव नोंदलेलं असलं तर."

त्याला माहीत नव्हतं. सहा महिने कुठून आणणार असं तो म्हणाला असेल, किंवा नुसतं त्याच्या तोंडावर ते दिसलं असेल. ताई म्हणाल्या, "फेब्रुवारीपासून तुम्ही इथं आहात. मग फेब्रुवारीपासूनच लिहू. खरं आहे तेच लिहायचं."

निघताना सासूबाई काठी टेकत फाटकापर्यंत आल्या. मागं कुणी नाही असं पाहून आवाज खाली आणला. "बाई, बदली-बिदली काही नव्हती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. बदली झालेला माणूस कपाळाला हात लावून येतो. हा आला तो माझ्या न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा म्हणून ड्रिल घेऊनच. पण मला माहीत आहे हे त्याला सांगू नका. त्याचा मान राहू दे."

परतीच्या बसमध्ये ताई एकट्याच हसत होत्या आणि शेजारच्या माणसानं जागा बदलली.

ऑफिसात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना वाट दिसली. तीही अगदी सरळ. "मग झालं की. त्याची बदली करा. आजच्या तारखेनं. तो खूश, सासू खूश, आजपासून नोंदणी. मागचं उकरायचं कशाला? मागचं उकरलं की थकबाकी, व्याज, दंड."

"तो फेब्रुवारीपासून तिथं आहे."

"कुणाला माहीत?"

"मला माहीत आहे," ताई म्हणाल्या. "तुम्हालाही आता माहीत आहे. त्याच्या मोठ्या मुलाचं नाव तिथल्या शाळेत फेब्रुवारीत घातलंय. हा शेजारी उभा आहे ना, याच्या कामाच्या वहीत तिथले दवाखाने फेब्रुवारीपासून आहेत. आणि आजची तारीख घातली तर त्याची रजा जाते."

"रजा जाते तर जाऊ दे. आपण थोडंच सांगितलं होतं त्याला लपूनछपून राहायला?"

"त्यानं लपवलं ही त्याची चूक. त्यासाठी त्याला लेखी समज द्या, मीच मजकूर लिहून देते. पण कपात चुकीच्या ठिकाणी भरली ती आपण. वर्षातून एकदा सगळ्यांचा पत्ता तपासायला हवा होता. मी तपासला नाही."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत बघण्यासारखं काही नव्हतं, समोर गोदामाची भिंत होती.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर आजच्या तारखेच्या कागदावर सही तुमची असेल. माझी नसेल." हे त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या नाहीत. त्यांना मोठा आवाज नाहीच. मालक दोन दिवस त्यांच्याशी फक्त माझ्यामार्फत बोलले. "ताईंना विचार, अमुक झालं का." ताई दीड हातावर बसलेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज घेऊन मालकांच्या टेबलावर ठेवला, फेब्रुवारीच्या तारखेचा. मालकांनी सही केली. पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावरही उमटली.

डोंगराकडच्या कामगार कार्यालयात ताई स्वतः गेल्या. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यानं अर्ज दोनदा वाचला. त्याला कुठं काय चुकलंय ते कळेना. शेवटी त्यानं विचारलं, "तुम्हाला नोटीस कुठली आली होती?"

"नाही आली."

"मग तुम्ही आलात कशा?"

"बसनं," ताई म्हणाल्या. त्यांना प्रश्न खरंच कळला नव्हता.

स्वतःहून आल्यामुळे दंड माफ झाला. व्याज भरावं लागलं. नदीपलीकडं गेलेली कपात परत मिळवायला वेगळा अर्ज, वेगळ्या खिडक्या. ते काम वर्षभर रखडलं आणि शेवटी एक कलम दाखवून ताईंनी ते पूर्ण केलं. मौनीला लेखी समज मिळाली. ती त्यानं वाचली, "हं" म्हणाला. जानेवारीत मुलगी झाली. दीड महिना तो घरी होता आणि त्या दीड महिन्यात डोंगराकडच्या दवाखान्यांनी माझा जीव खाल्ला.

मी त्याला घरजावई म्हणून चिडवलं का? एकदाच. तो म्हणाला, "हो. आहे." तो विषय तिथंच संपला.

गोष्ट इथं थांबली असती तर मालकांच्या मनातली अढी गेली असती. पण नवीन राज्यात नोंदणी म्हणजे नवीन नेमणूकपत्र. आमच्या पत्रात एक जुनी अट होती, की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच प्रकारचं काम करता येणार नाही. डोंगराकडच्या राज्यात असली अट चालतच नाही. घातली तर उलट मालकालाच दंड. ताईंनी ती काढली. काढताना मालकांना सांगितलं, त्यांनी न वाचता मान हलवली.

दीड वर्षानं मौनीनं राजीनामा पाठवला. महिन्याची आगाऊ सूचना दिली, हत्यारं मोजून परत केली, गाडी धुऊन आणून लावली, आणि सासुरवाडीच्या त्या शेडमध्ये स्वतःचा दुरुस्तीचा धंदा सुरू केला. डोंगराकडचे निम्मे दवाखाने त्याच्याकडे गेले.

मालक कागद घेऊन ताईंच्या टेबलाशी आले. "दोन वर्षांची अट होती आपली."

"त्या राज्यात नव्हती."

"म्हणजे तुम्ही त्याची नोंदणी करून दिलीत, रजा मिळवून दिलीत आणि वर त्याला मोकळाही सोडलात."

"तो तिथं राहायला गेला तेव्हाच मोकळा झाला होता. आपल्याला उशिरा कळलं एवढंच."

मालक कागदाची घडी घालून आत गेले. त्या वर्षी धंद्याला मार बसला हे खरं आहे. ताईंना पगारवाढ मिळाली नाही हेही खरं आहे. सगळ्यांना मिळाली, त्यांना नाही. त्यांनी तक्रार केली नाही, पण घरी नवऱ्याला सांगताना रडल्या, हे मला त्यांच्या नवऱ्याकडून कळलं. "खरं केलं आणि तेच अंगाशी आलं," असं काहीतरी म्हणाल्या म्हणे. नवऱ्यानं विचारलं, पुन्हा तशी वेळ आली तर? त्यावर त्यांनी डोळे पुसले आणि त्याला व्हॅनच्या विम्याची मुदत संपत आल्याची आठवण करून दिली.

मधे एकदा सासूबाईंचाही फोन आला. कंपनीचा नंबर त्यांनी कुठून मिळवला देव जाणे. "बाई, आमच्या जावयाची परत बदली होते का बघा. दिवसभर त्या कॉम्प्रेसरची घरघर, डोकं उठतं माझं." ताईंनी सांगितलं की तो आता आमच्याकडे नाही. "हे बरं आहे," सासूबाई म्हणाल्या, "नोकरी होती तेव्हा दिवसभर बाहेर तरी असायचा." आणि मग पंधरा मिनिटं नातीचं कौतुक.

डोंगराकडं आम्ही नवीन माणूस नेमला. हल्ली ताई नवीन माणसाला पहिल्याच दिवशी विचारतात, "रात्री झोपता कुठं?" पुरुष गांगरतात, बायका भुवया उंचावतात; एका मेकॅनिकबाईंनी तर उलट विचारलं, "कुणाला सांगायचंय?" ताई शांतपणे समजावतात की पत्ता विचारला तर लोक कागदावरचा सांगतात, झोपायचं विचारलं तर खरा. आणि दर सहा महिन्यांनी सगळ्यांना पुन्हा विचारतात.

गेल्या महिन्यात मौनीचा फोन आला. माझ्याकडे नाही, ताईंकडे. फोन स्पीकरवर होता, कारण ताईंचे हात नवीन पगारपत्रकांत अडकले होते.

"ताई, मी एक माणूस ठेवतोय हाताखाली."

"छान."

"तो नदीपलीकडं राहतो."

ताईंनी पगारपत्रकं बाजूला ठेवली. "काम कुठं करणार? इकडं की तिकडं?"

"दोन्हीकडं."

"जास्त कुठं?"

"तिकडं."

"मग आधी तिकडं नोंदणी करा, मग कामावर घ्या. उलटं नको. जादा काम दिवसावर मोजतात तिथं, आठवड्यावर नाही. मी एका बाईंचा नंबर देते, नीट बोलतात. आणि जुनं नेमणूकपत्र नाव बदलून देऊ नका."

"हं," मौनी म्हणाला. मग एक वाक्य जास्त: "तुमच्याच पत्राची नक्कल काढून ठेवली होती."

"फाडून टाका."

मालक दारात उभे होते हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ताईंनी पाहिलं आणि फोनवर हात ठेवला. मालक तिथूनच म्हणाले, "त्याला विचारा, व्हॉल्व्ह कुणाकडून घेतो?"

ताईंनी विचारलं. मौनीनं एका दूरच्या शहरातल्या व्यापाऱ्याचं नाव सांगितलं.

"महिन्यात गळायला लागतात ते," मालक म्हणाले. "त्याला सांगा आपल्याकडून घे म्हणावं. घाऊक दरानं देऊ."

मौनीनं ते ऐकलं होतं. पलीकडून कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "दोन डझन पाठवा."

मी पत्ता लिहून घेतला. ताईंनी माझ्या हातातली चिठ्ठी ओढून घेतली, वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही पाहिली, आणि मालक आत गेल्यावर मला म्हणाल्या, "दुसऱ्या राज्यात माल जातोय. कराचं बिल वेगळं करावं लागेल. थांब, मी बघते."